स्पॅनिश शिकण्यासाठी शिक्षिकेच्या घरी मुक्काम : सालामान्काचे सहा आठवडे

केळीबाग (रावेर तालुका)

गेल्या वर्षी मी स्पॅनिश शिकण्यासाठी स्पेनमधील सालामान्का या शहरात सहा आठवडे राहिले. पहिले दोन आठवडे एका यजमान कुटुंबात गेले आणि पुढचे चार माझ्या शिक्षिकेच्या स्वतःच्या घरी. या दोन मुक्कामांत मला जो फरक जाणवला, तो सविस्तर लिहून ठेवावा, म्हणजे आपल्या भागातून कोणी जाणार असेल तर घर निवडताना त्याला उपयोग होईल, या हेतूने हा धागा काढते आहे.

स्पॅनिशच का, हे मला गावात अनेकांनी विचारले. आमचे घर केळीचे आहे. मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन्ही हंगामांच्या लागवडी आम्ही करतो, आणि मी स्वतः शेतकऱ्यांना पीक सल्ला देण्याचे काम करते. जगात सर्वाधिक केळी निर्यात करणारा देश इक्वेडोर आहे, आणि कोस्टारिका, कोलंबिया, ग्वाटेमाला हेही मोठे निर्यातदार आहेत. या सर्व देशांची भाषा स्पॅनिश आहे. आपल्याकडे ज्याला करपा म्हणतात त्या सिगाटोकावर आणि मर रोगावर तिथे शेताच्या बांधावर जे काम होते, त्याच्या पुस्तिका, चित्रफिती आणि चर्चा प्रामुख्याने त्याच भाषेत असतात. २०१९ मध्ये कोलंबियात मर रोगाचा टीआर-४ हा प्रकार आढळल्यानंतर तिथल्या बागांत पादत्राणे आणि अवजारे निर्जंतुक करण्याची जी शिस्त बसवली गेली, ती समजून घेताना मला भाषांतरावर अवलंबून राहावे लागले, आणि तेव्हाच ही भाषा शिकण्याचा निश्चय झाला.

आधी आठ महिने मी घरूनच आठवड्यातून तीन दिवस आंतरजालावर शिकले. शिकवणाऱ्या बाई सालामान्काच्या होत्या आणि एका वेळी एकाच विद्यार्थ्याला आपल्या घरी ठेवून शिकवत असत. मी जाण्याचे ठरवले तेव्हा पहिले दोन आठवडे त्यांच्याकडे दुसरी विद्यार्थिनी होती, म्हणून एका संस्थेमार्फत मी दुसऱ्या घरी उतरले. ते घर वाईट नव्हते. खोली स्वच्छ होती, जेवण वेळेवर मिळत असे. परंतु घरात माझ्याशिवाय आणखी तीन परदेशी विद्यार्थी होते आणि ते सगळे आपसांत इंग्रजी बोलत. यजमानीणबाई दिवसभर नोकरी करून थकून येत आणि जेवताना दूरदर्शन संच चालू असे. मी चुकीचे बोलले तरी त्यांना अर्थ कळत असे, त्यामुळे त्या मान हलवून पुढे जात. दोन आठवड्यांत मी तीच दहा वाक्ये त्याच चुकांसह बोलत राहिले, आणि त्या चुका पक्क्या होऊ लागल्या. सौजन्य म्हणून कोणी आपली चूक दाखवत नाही, तेव्हा शिकणाऱ्याचे नुकसान होते, हे मला तिथे प्रथम समजले.

शिक्षिकेच्या घरी गेल्यावर दिवसाची सगळी घडी बदलली. सकाळी तीन तास शिकवणी, मग बाजार, मग दोघींनी मिळून स्वयंपाक, आणि दुपारी अडीचच्या सुमारास जेवण. स्पेनमध्ये दुपारचे जेवण उशिरा होते आणि रात्रीचे नऊ-दहाला, त्यामुळे आपल्या पोटाला ती वेळ अंगवळणी पडायला आठवडा लागतो. जेवण झाल्यावर ताटे तशीच ठेवून मंडळी तासभर बोलत बसतात. त्या बसण्याला 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री अंगणात खाटा टाकल्यावर ज्या गप्पा रंगतात त्यांची मला आठवण झाली, फक्त इथे त्या टेबलावर होतात. माझे खरे शिक्षण याच तासात झाले. बाई मला बोलताना मधेच थांबवत नसत. स्वयंपाकघरात एक लहान वही टांगलेली होती, तिच्यात त्या माझी वाक्ये लिहून ठेवत, गप्पा संपल्यावर त्यांतली तीनच निवडून माझ्याकडून दुरुस्त करून घेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची शिकवणी त्या तीन वाक्यांवरूनच सुरू होई. म्हणजे सकाळच्या धड्याचा विषय मी आदल्या दिवशी जेवताना स्वतःच पुरवलेला असे. यजमान आणि शिक्षक एकच व्यक्ती असण्याचा अर्थ मला एवढाच वाटतो, पण तो फार मोलाचा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहिते आहे तिच्याकडे येते. मी पहिले आठ महिने स्पॅनिश इंग्रजीमार्गे शिकत होते, कारण पुस्तके इंग्रजीत होती. बाईंना इंग्रजी जेमतेम येत असे. एकदा त्यांनी मला विचारले की, तुझ्या भाषेत 'मला आंबा आवडतो' हे कसे म्हणतात. मी मराठी वाक्य सांगून त्याची फोड करून दाखवली, आणि आम्ही दोघीही थक्क झालो. स्पॅनिशमध्ये ते वाक्य 'मे गुस्ता एल मांगो' असे आहे. 'मे' म्हणजे 'मला', आणि क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. आंबे अनेक झाले की आपण 'मला आंबे आवडतात' म्हणतो, ते 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणतात. इंग्रजीतून हा नियम शिकताना मी चार महिने गोंधळत होते, आणि तो नियम माझ्या तोंडात जन्मापासून होता.

त्यानंतर आम्ही रोज असे साम्य शोधू लागलो. 'मी घर पाहते' यात घराला प्रत्यय नाही, पण 'मी आईला पाहते' यात आईला आहे. स्पॅनिशमध्ये 'बेओ ला कासा' आणि 'बेओ आ मी माद्रे', माणूस आला की 'आ' लागतो. भूतकाळाचे दोन प्रकार इंग्रजी माणसाला फार छळतात. आपल्याकडे 'मी बाजारात गेले' आणि 'मी बाजारात जायचे' यांतला फरक शाळेत न गेलेली आजीसुद्धा चुकवत नाही, आणि तोच फरक 'फुई' आणि 'इबा' यांत आहे. 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' या वाक्यातले 'यावे' हे त्यांच्या 'बेन्गा'च्या जागी चपखल बसते. पुस्तकांत जो धडा सर्वांत अवघड म्हणून शेवटी ढकललेला असतो, त्याच्या दाराशी आपला विध्यर्थ आपल्याला आणून सोडतो.

साम्य सगळीकडे नाही, हेही सांगितले पाहिजे. 'सेर' आणि 'एस्तार' ही दोन क्रियापदे दोन्ही 'असणे' या अर्थाची आहेत. 'सूप गरम आहे' याला 'एस्तार' लागते, आणि मला वाटले की आपल्या 'आहे' आणि 'असतो'चीच ही जोडी असावी. पण 'मी डॉक्टर आहे' याला 'सेर' लागते, तेव्हा तो आडाखा मोडला. लिंगाच्या बाबतीतही शब्दागणिक पाठांतर करावे लागते. हात आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे 'ला मानो' स्त्रीलिंगी.

या 'मानो'वरून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. केळीच्या घडाला लॅटिन अमेरिकेत 'रासिमो' म्हणतात, फणीला 'मानो', म्हणजे हात, आणि एका केळाला 'देदो', म्हणजे बोट. बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांना ते 'इखोस', म्हणजे मुले म्हणतात, आणि मूळ झाडाला 'माद्रे'. हे शब्द बाईंनाही नवे होते. त्यांनी ते माझ्या पुस्तिकेतून वहीत उतरवून घेतले, आणि त्या दिवसापासून सोब्रेमेसात शिकवण्याची पाळी काही वेळ माझ्याकडे आली. आपल्या कामाचे ज्ञान बरोबर असले की यजमान घरात बोलायला विषय कमी पडत नाहीत.

भुसावळ_जंक्शन

ताई, फार उपयुक्त लेखन. मी नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना पाच आठवडे ग्वाटेमालातील केत्सालतेनांगो या गावी राहून शिकलो, त्यामुळे थोडी भर घालतो. तिथले लोक गावाला शेला म्हणतात, ते त्याच्या जुन्या माया नावाचे लघुरूप आहे. गाव समुद्रसपाटीपासून २३०० मीटरहून उंच आहे, त्यामुळे मध्य अमेरिका म्हणजे उष्णता अशी समजूत करून घेऊन मी गेलो आणि पहिल्याच रात्री घोंगडी मागावी लागली.

तिथली पद्धत अशी की, एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी, रोज चार ते पाच तास, आणि राहणे एखाद्या कुटुंबात. मुक्काम सात दिवसांचा, पण जेवण बहुधा सहाच दिवसांचे, कारण रविवारी घरच्या बाईला सुट्टी असते. ही गोष्ट मला फार आवडली. माझे शिक्षक आणि माझे यजमान वेगळे होते. शिक्षक प्रत्येक शब्द दुरुस्त करत आणि घरी कोणीच करत नसे, पण घरी तीन पिढ्या राहत असल्यामुळे लहान मुले मला न संकोचता हसत आणि बरोबर शब्द ओरडून सांगत. त्यामुळे शिक्षिकेचेच घर असावे असा नियम करू नये, घरात बोलणारी माणसे किती आहेत हे आधी विचारावे, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट. घरातल्या आजीबाईंची मातृभाषा किचे ही माया भाषा होती आणि स्पॅनिश त्यांनी मोठेपणी शिकलेली होती. त्या सावकाश आणि सोपी वाक्ये बोलत, आणि मला सर्वांत आधी त्यांचेच बोलणे कळू लागले. सकाळी त्या चुन्याच्या निवळीत उकडलेला मका धुऊन, वाटून तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, थापत. चुन्यामुळे मक्याचे साल सुटते आणि त्यातले पोषण अंगी लागते. मी त्यांना आमची कळण्याची भाकरी कशी असते हे सांगण्याचा प्रयत्न केला. ज्वारीला शब्द सापडेना, 'गुरांना घालतात ते धान्य का', असे त्यांनी विचारले, आणि पुढचा अर्धा तास मी ज्वारीची बाजू मांडत होतो. त्या अर्ध्या तासात मी जितकी क्रियापदे वापरली तितकी आठवडाभराच्या वर्गात वापरली नसतील.

जाणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की ग्वाटेमालात 'तू'साठी 'बोस' हे सर्वनाम सर्रास कानावर पडते आणि त्याची क्रियापदे वेगळी चालतात. स्पेनमध्ये शिकलेल्याला ते नवे वाटेल.

चोपड्याची_आई

माझी मुलगी २१ वर्षांची आहे आणि तिला पुढच्या वर्षी असेच जायचे आहे. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. परक्या घरी एकट्या मुलीने राहायचे, याची मला काळजी वाटते, आणि तिचे वडील तर विषयच काढू देत नाहीत. ताई, आपण स्वतः राहून आल्या आहात म्हणून विचारते. घर सुरक्षित आहे हे इथे बसून कसे ओळखावे, आणि जेवणाचे काय होईल?

केळीबाग

मावशी, तुमची काळजी योग्य आहे. माझ्या आईनेही हेच प्रश्न विचारले होते, आणि तिच्या प्रश्नांमुळेच मी काही गोष्टी आधी लेखी मागितल्या. घरात कोण कोण राहते, खोलीला आतून कडी आहे का, न्हाणीघर कोणाबरोबर वापरायचे, रात्री उशीर झाला तर कोणाला कळवायचे, आणि पटले नाही तर दुसरे घर किती दिवसांत मिळेल, एवढे प्रश्न जरूर विचारा. त्यांची उत्तरे देताना जो यजमान चिडतो किंवा टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जाऊ नये. त्याच घरी पूर्वी राहून गेलेल्या एखाद्या मुलीशी प्रत्यक्ष बोलायला मिळते का ते पाहा. मला तसे बोलता आले, आणि आईला त्याने जितका धीर आला तितका कोणत्याही माहितीपत्रकाने आला नसता. शिवाय जाण्यापूर्वी दोन-तीन महिने त्याच शिक्षिकेकडे आंतरजालावर शिकले, तर माणूस कसे आहे याचा अंदाज येतो, आणि तिच्या वडिलांनाही एखाद्या दिवशी समोर बसवून बोलता येईल. स्पेनमध्ये तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे.

कागदपत्रांबद्दल दोन गोष्टी सांगते. अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर (युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. यजमान खासगी व्यक्ती म्हणून निमंत्रण देणार असेल, तर त्याला तिथल्या पोलिसांकडून 'कार्ता दे इन्बिताथिओन' नावाचे निमंत्रणपत्र काढावे लागते आणि त्याला वेळ लागतो. शाळा किंवा संस्था राहण्याची सोय करत असेल तर तिचे पत्र मिळते. हे आधीच ठरवून घ्या.

जेवणाबाबत एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. 'मी शाकाहारी आहे' किंवा 'मी मांस खात नाही' एवढे सांगून भागत नाही, कारण 'कार्ने' या शब्दात पुष्कळ लोक कोंबडी, मासे किंवा खामोन हे डुकराचे सुकवलेले मांस धरत नाहीत. मांस नाही म्हणून दिलेल्या सॅलडमध्ये 'आतून', म्हणजे टूना मासा, असू शकतो. मसुराच्या डाळीत सॉसेजचे तुकडे असतात, आणि सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेले असते. म्हणून एकेक नाव घेऊन, 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी खामोन, नी उएबोस', असे सांगावे. शेवटचा शब्द अंड्यांसाठी आहे. स्पेनमध्ये 'तोर्तिया' मागितली तर बटाटा आणि अंड्यांचा जाड पोळा येतो, मक्याची पोळी येत नाही.

शिक्षिकेच्या घरी मात्र ही अडचण शिकण्याचे निमित्त झाली, कारण रोजच्या बाजाराची यादी आम्ही दोघी करत होतो. तिसऱ्या आठवड्यात मी वांग्याचे भरीत केले. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळाची चव गॅसवर येत नाही आणि तिथली वांगी आपल्या भरिताच्या वांग्यांसारखी फिकट हिरवी नव्हती, तरी ते जमले. बाई म्हणाल्या की, स्पेनच्या ईशान्येकडील कातालुन्या प्रांतात भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची सोलून तेल-मीठ घालून खातात, त्याला 'एस्कालिबादा' म्हणतात. वांग्याचे नाव तिकडे 'बेरेनखेना' आहे, ते फारसी-अरबीमार्गे तिथे पोहोचले. साखरेचा 'आथूकार' हा शब्दही आपल्या शर्करेपासून त्याच वाटेने गेला आहे. त्या दिवशीची सोब्रेमेसा दोन तास चालली.

पांझराकाठ (धुळे)

या धाग्यात अहिराणीची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून मी लिहितो. मी स्पॅनिश घरीच शिकतो आहे आणि अजून स्पेनला गेलेलो नाही, पण उच्चारांच्या बाबतीत एक गोष्ट मला पहिल्याच महिन्यात लक्षात आली. स्पॅनिशमध्ये दोन एल जोडून जे अक्षर होते, त्याचा जुना उच्चार ल आणि य यांच्यामधला होता, आणि आज बहुतेक प्रदेशांत तो सरळ य झाला आहे. रस्ता 'काये', किल्ली 'याबे', कोंबडी 'पोयो'. आपल्याकडे प्रमाण मराठीतला ळ अहिराणीत आणि लेवा गणबोलीत असाच य होतो. केळीची केयी होते, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. लहानपणी शाळेत 'डोया' म्हटल्याबद्दल मी मार खाल्ला आहे. ल-वर्गातला ध्वनी य-कडे सरकणे ही जगातल्या एका मोठ्या भाषेची रूढ, मान्य वाट आहे, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

दुसरे असे की, त, द, प, क हे ध्वनी स्पॅनिशमध्ये आपल्यासारखेच निर्मळ आहेत. इंग्रजी वळणाने शिकलेली मुले 'तू'चा 'टू' करतात आणि 'क'मध्ये ह मिसळतात. आपण देवनागरीत वाचतो तसे वाचले तरी निम्मे काम होते. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा', हा भेदही आपल्या जिभेला कठीण नाही.

चालू क्रियेबद्दलही सांगतो. अहिराणीत 'मी खाई ऱ्हायनू' असे म्हणतात, म्हणजे 'खाऊन राहिलो' या धर्तीवर राहण्याचे क्रियापद जोडतात. स्पॅनिशमध्ये 'एस्तोय कोमिएन्दो' म्हणतात, आणि त्यातले 'एस्तार' हे मुळात लॅटिनमधल्या 'उभे असणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आले आहे. माझ्या वहीत मी डाव्या बाजूला अहिराणी आणि उजव्या बाजूला स्पॅनिश लिहितो. मधे प्रमाण मराठीही घेत नाही.

ताई, एक शंका आहे. वयाने मोठ्या शिक्षिकेला तुम्ही 'तू' म्हणत होता की 'तुम्ही'?

केळीबाग

दादा, तुमची ळ आणि य यांची नोंद वाचून मी वहीत लगेच उतरवून घेतली. चार आठवडे 'काये' म्हणत मी त्या रस्त्यांवरून फिरले, पण आमच्या घरी केळीला केयी म्हणणारी आजी मला तेव्हा आठवली नाही.

याच शंकेने मला खरोखरच पहिला आठवडा जड गेला होता. स्पॅनिशमध्ये 'तू' आणि 'उस्तेद' असे दोन स्तर आहेत, आणि मी अर्थातच 'उस्तेद' म्हणत होते. बाईंनी दुसऱ्याच दिवशी 'तुतेआमे', म्हणजे 'मला तू म्हण', असे सांगितले. साठीच्या गुरूला एकेरी हाक मारायला माझी जीभ वळेना. शेवटी मी मनाशी असा तोडगा काढला की, आपण आईला आणि आजीला 'तू'च म्हणतो आणि त्यात अनादर नसतो, तर बाईंनाही आजीच्याच जागी बसवावे. त्यानंतर अडचण आली नाही. अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक देशांत हा हिशेब वेगळा आहे, आणि कोलंबियातल्या काही भागांत तर घरातल्या घरातही 'उस्तेद' चालते, असे बाईंनीच सांगितले.

सातपुडा_पायथा (निवृत्त शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

मला स्पॅनिश येत नाही आणि आता येण्याचा संभवही नाही. परंतु दुसऱ्याच्या घरी राहून भाषा शिकणे म्हणजे काय, हे मी अनुभवले आहे. नोकरीच्या सुरुवातीला माझी नेमणूक धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत झाली. मुले पावरी बोलत, मी मराठी. पहिले तीन महिने मी फळ्यावर लिहीत होतो आणि मुले पाहत होती. राहायला खोली नव्हती, म्हणून एका पावरा कुटुंबाने मला घरात जागा दिली. मी त्यांच्याबरोबर मोहफुले वेचली, मक्याची राखण केली, आणि वर्षभरात वर्गात दोन्ही भाषांत बोलू लागलो.

केळीबागताई म्हणतात की, यजमान शिक्षक असावा. माझे यजमान निरक्षर होते, तरी त्यांनी मला शिकवले. फरक मला असा दिसतो की, माझ्याकडे परतीची तारीख नव्हती. सहा आठवड्यांत परतायचे असेल तर चूक दाखवणारे शिकलेले माणूस हवेच. वर्षानुवर्षे राहायचे असेल तर जगणेच चुका दाखवते, कारण चुकीचा शब्द वापरला तर बैल चुकीच्या वाटेला लागतो.

एक विनंती मात्र सर्व तरुणांना आहे. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना छात्रालयात मुलांबरोबर राहत, त्यांच्या खोल्या झाडत. गुरू आणि शिष्य एका छपराखाली राहिले की शिकण्याची वेळ आणि जगण्याची वेळ वेगळी उरत नाही. अशा घरी जाल तेव्हा पाहुणे म्हणून बसून राहू नका. भांडी घासा, पाणी भरा. काम करताना हाताला जो शब्द लागतो, तो विसरत नाही.

केळीबाग

गुरुजी, परतीच्या तारखेचा मुद्दा मी मान्य करते. माझ्या लिखाणात तो यायला हवा होता. भुसावळच्या दादांनी म्हटल्याप्रमाणे बोलणारे घर आणि दुरुस्त करणारा शिक्षक वेगवेगळे असले तरी चालेल, पण मुक्काम जितका लहान तितके ते एकत्र असणे गरजेचे, असे आता म्हणेन. आणि कामाचे म्हणाल तर कांदा चिरताना शिकलेली क्रियापदे मला आजही सर्वांत आधी आठवतात.

तापीपूर्णा

मी जळगावला विद्यापीठात शिकतो. जाण्यापूर्वी किती तयारी असावी, आणि परत आल्यावर परीक्षा द्यावी का? घरी तसा खर्च वारंवार करता येणार नाही, म्हणून एकदाच जाऊन जास्तीत जास्त शिकून यायचे आहे.

केळीबाग

एकदाच जायचे असेल तर अगदी कोरे जाऊ नये, हा माझा ठाम सल्ला आहे. युरोपीय भाषांसाठी ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या धरतात. त्यांपैकी ए-१ आणि ए-२ चा बराचसा भाग, म्हणजे आकडे, वेळ, वर्तमानकाळ, नेहमीची दोनशे-तीनशे क्रियापदे, हे सगळे जळगावात बसून विनाखर्च किंवा थोड्या खर्चात होते. विमानाचे भाडे देऊन तिथे जाऊन 'एक, दोन, तीन' शिकणे परवडणारे नाही. भूतकाळाचे दोन प्रकार तोंडओळखीपुरते झाले की जावे, कारण जेवणाच्या टेबलावर सगळी माणसे कालच्या आणि लहानपणीच्या गोष्टी सांगतात, आणि त्या दोन भूतकाळांशिवाय गोष्ट सांगता येत नाही. मी आठ महिन्यांनी गेले, ते मला योग्य वाटले.

परीक्षेचे म्हणाल तर डेले ही स्पॅनिश भाषेची परीक्षा स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितुतो थेर्बान्तेस घेते. ही संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे केंद्र नवी दिल्लीत आहे. डेलेच्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. सिएले नावाची दुसरी परीक्षा संगणकावर होते आणि तिचे गुणपत्रक पाच वर्षे चालते. नोकरीसाठी कागद हवा असेल तर डेले बी-२ चे ध्येय ठेवावे, पण ते सहा आठवड्यांत गाठण्याची अपेक्षा धरू नये. मी परत आले तेव्हा बी-१ च्या मध्यावर होते.

परत आल्यावरचे तीन महिने मला मुक्कामाइतकेच महत्त्वाचे वाटतात. मी बाईंबरोबर दर रविवारी एक तास बोलणे चालू ठेवले आहे. हिवाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन, त्यामुळे त्यांच्या दुपारच्या जेवणानंतरची वेळ म्हणजे आमची संध्याकाळ. त्या टेबलावर असतात आणि मी ओट्यावर. वहीतल्या तीन वाक्यांची पद्धत तशीच चालू आहे.

चोपड्याची_आई

ताई, तिच्या वडिलांना हा सगळा धागा वाचून दाखवला. आधी आंतरजालावर शिकू दे, मग पाहू, इथपर्यंत ते आले आहेत. आता शेवटचे विचारते. यजमानांसाठी आपल्याकडून काय न्यावे?

केळीबाग

मावशी, ऐकून फार बरे वाटले. पेढे, खवा, तूप असे दुधाचे काहीही नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, आणि विमानतळावर ते काढून घेतात. ताजी फळे न्यायची तर बहुतेक फळांना रोपस्वास्थ्य प्रमाणपत्र लागते. त्यातून सूट असलेली पाचच फळे आहेत : अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी.

मी रावेरची सहा केळी कपड्यांत गुंडाळून नेली होती. पोहोचेपर्यंत साल काळी पडली होती, आत मात्र ती उत्तम होती. बरोबर ज्वारीच्या बिबड्या (पापडासारखा पदार्थ) आणि केळीचे वेफर्स होते. बाईंनी बिबड्या तेलात न तळता ऑलिव्ह तेल लावून भाजल्या, आणि मग विचारले की, हे धान्य कोणते, ते कधी पेरतात, आणि ते कापायला कोण येते.